मागाच्या खड्ड्यावरची गाडी

माझ्या हातून आजवर शेकडो इंजिनं दुरुस्त झाली. त्यांतलं एक मी दुरुस्त करायला नको होतं. आयटीआयमध्ये उभी हयात पोरांना मोटार मेकॅनिकचा धंदा शिकवलेल्या माणसानं असं लिहिणं शोभत नाही. पण शोभण्याचं वय आता राहिलेलं नाही, म्हणून लिहून टाकतो. सानगडीला मी ज्या बाईंच्या घरी भाड्यानं राहत होतो, त्यांच्याकडे एक जुनी जपानी गाडी होती. ती बिघडलेली होती तोवर बाईंना दर रविवारी परदेशातून भावाचा फोन यायचा. मी ती नीट केली आणि फोन यायचा थांबला.

गोष्ट एवढीच आहे. पण बाई एवढ्याच नव्हत्या. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला मला घरात चैन पडत नाही. बायको म्हणते, फिरून या जरा. मी फिरून येतो.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर तीनचार वर्षांनी माझी भंडाऱ्याहून साकोलीला बदली झाली. साकोलीत मनासारखी खोली मिळेना. एका शिपायानं सांगितलं की सानगडीला विणकराच्या घरची एक बाई खोली देते, पण इंजिनातलं समजत असेल त्यालाच देते. मला वाटलं, नवा माणूस पाहून चेष्टा चाललीय. तरी गेलो. अंगणात कोणी नव्हतं. पलीकडच्या लांबट खोलीचं दार उघडं होतं आणि आत, सानगडीत काय, अख्ख्या भंडारा जिल्ह्यात मी कधी पाहिली नव्हती अशी दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी चंदेरी गाडी उभी होती. मी तोंड उघडून पाहत राहिलो, तेवढ्यात गाडीखालून हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला.

"दहा नंबरचा पाना द्या जी."

मी खाली पडलेल्यांपैकी एक पाना त्या हातात दिला. हात आत गेला आणि लगेच परत बाहेर आला. "हा बाराचा हाय."

नुसत्या स्पर्शानं. मी गुपचूप दुसरा दिला. पाचेक मिनिटांनी गाडीच्या मागच्या बाजूनं, जमिनीतून उगवावं तशी, पन्नाशीची एक काटक बाई वर आली. लुगडं खोचलेलं, डोक्याला फडकं, कपाळावर ग्रीसचा पट्टा. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "तुमीच का आयटीआयचे मास्तर? अना तुमाले दहा-बारा ओळखू येत नाही?" माझ्याकडे दोन सर्टिफिकेटं होती. ती काढून दाखवण्याची ती जागा नव्हती. खोली मात्र मिळाली.

जमिनीतून उगवण्याचं रहस्य असं की ती खोली म्हणजे त्यांच्या वडिलांचं मागघर होतं. जुना हातमाग जमिनीलगत असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायानं माग चालवतो. वडील गेले, माग मोडला, खड्डा तसाच राहिला. बाईंनी तो स्वतः खणून कमरेइतका खोल आणि गाडीइतका लांब केला आणि वर गाडी उभी केली. नागपूरच्या मोठ्या गॅरेजात गाडीखाली उतरायला सिमेंटचा खड्डा असतो, तसा हा शेणानं सारवलेला. बाई त्यात उतरताना पायरीला हात लावून पाया पडत. मी एकदा थट्टेनं विचारलं, इंजिनाच्या पाया पडता का? "बाबाच्या जागेवर पाय ठेवून राहिली ना जी," त्या म्हणाल्या. त्यानंतर मीही हात लावायला लागलो.

गाडी बाईंची नव्हती, धाकट्या भावाची होती. बाई सोळाव्या वर्षी सासरी गेल्या आणि आठव्या महिन्यात परत आल्या. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारायची हिंमत केली नाही. त्याच साली आई गेली, मागे सहा वर्षांचा हा भाऊ ठेवून. बाईंनीच त्याला वाढवला. तो फिटर झाला आणि झांबियात तांब्याच्या खाणीवर नोकरीला लागला. तिकडे जपानच्या वापरलेल्या गाड्या फार. त्यानं हौसेनं ही घेतली आणि कायमचं परतायचं ठरवून घरच्या सामानासोबत घेऊन आला. गल्लीच्या नालीवर तिचं पोट टेकलं तेव्हा आठ गड्यांनी उचलून तिला मागघरात आणली, हे सानगडीत अजून सांगतात. अडीच महिने तो राहिला. उन्हाळा होता, तलाव आटला होता. त्या कोरड्या तलावाच्या पोटात त्यानं बहिणीला गाडी शिकवली. समोरचं बॉनेट दिसत नाही म्हणून बाई वाकळेची चौघडी करून सीटवर ठेवत आणि तिच्यावर बसत. मग खाणीवरून बोलावणं आलं. "सहा महिन्यांत येतो बाई, तवरिक गाडी सांभाळ," असं सांगून तो गेला. मी राहायला गेलो तेव्हा त्या सहा महिन्यांना चार वर्षं झाली होती.

बाईंनी गाडी कशी सांभाळली, यावर मी पोरांना चार तास घेऊ शकलो असतो. टर्बोच्या गाडीचं इंजिन पळवून आणल्यावर लगेच बंद करायचं नसतं. आतलं तेल जळतं. हे मला पुस्तकात वाचून कळलं होतं. बाई गाडी उभी केली की किल्ली न फिरवता पदरानं वारा घेत बसून राहत. "औताहून आलेल्या बैलाले लगेच पानी पाजता का तुमी? दम घेऊ द्या त्याले." शेजारच्या धानाच्या कोठीतले उंदीर वायरी कुरतडू नयेत म्हणून इंजिनाच्या कडेनं निरगुडीचा पाला. तेल बदललं की जुनं तेल बोटांत चोळून त्या वास घेत आणि मान हलवत. ती मान आडवी हलली की आठ दिवस घरात शांतता. नळ्यांचे जोड तुटले, तसे देशात कुठं मिळेनात, तर त्या भंडाऱ्याला पितळेची भांडी करणाऱ्या एका कारागिराकडे मोडका जोड घेऊन गेल्या आणि तसे अकरा जोड पितळेचे घडवून आणले. तो कारागीर नंतर मला म्हणाला, "घंटी, समई, देवाचा मुकुट, सगळं केलं जी. इंजनाचे दागिने पयल्यांदाच केले."

सगळंच जमलं असं नाही. एकदा रबरी नळी मिळेना म्हणून त्यांनी दवाखान्यातून सलाइनची नळी आणून लावली. दहा मिनिटांत ती वितळून इंजिनावर जिलबीसारखी बसली. दोन दिवस खरवडत होत्या. मी हसलो तर म्हणाल्या, "हासा. पण मानसाले चालते ते मशीनले चालत नाही, हे समजलं का नाही?"

आता या गाडीचं दुखणं सांगतो. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून इंजिनालाच जास्तीची हवा कोंबणारा पंखा. या गाडीला असे दोन. पहिला लवकर जागा होतो. दुसरा गाडी जोरात पळायला लागल्यावर मागून येऊन मिळतो, आणि मग ती गाडी उडते. कोणी कधी यायचं हे ठरतं हवेच्या ओढीवर चालणाऱ्या बारीक रबरी नळ्यांवर. नळ्या कसल्या, गुंताच तो. बाई समजावून सांगत, "पयला घरचा मानूस, दुसरा पाहुना. घरच्यानं घर चालते. पाहुना आला का दनानते." भाऊ गेला त्याच्या पहिल्याच पावसाळ्यात नळ्यांना चिरा गेल्या. बाईंनी सगळ्या काढल्या, नव्या घातल्या. दोन्ही टर्बो चालले. वर्षभरानं त्या परत काढून लावल्या, आणि दुसरा तेव्हापासून येत नव्हता.

गाडीसोबत आलेलं पुस्तक जपानीत होतं. बाई चौथी शिकलेल्या. पण त्यातलं नळ्यांच्या नकाशाचं पान त्यांनी पदरावरच्या बुट्ट्यांचा नकाशा वाचावा तसं वाचलं. "अक्षर कायले पायजे? लाइन त कोनत्याई भाषेत लाइनच राहते." प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना त्यांनी एकाच रंगाचा धागा बांधला, म्हणजे कोणतं टोक कुठं जातं ते चुकू नये. मागावर ताण्याच्या धाग्यांना त्यांच्या घरी अशीच खूण बांधत. धागा वडिलांच्या हातच्या रंगातला, शेवटच्या लडीतला. लाल, निळा, हिरवा, पिवळा, काळा, जांभळा. बॉनेट उघडलं की आत लग्नघर.

आणि मग रविवार.

दुपारी तीनला फोन वाजायचा. बाईंनी लाइनमनला चहा पाजून पाजून वीस हात लांब वायर घालून घेतली होती. रिसीव्हर बैठकीतून अंगण ओलांडून मागघराच्या दारापर्यंत यायचा. पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं.

"बाई, दुसरा येते का वं?"

"नाही रे बावा."

"थांब मंग. हवेच्या टाकीखाली बोट घाल. तीन पाइप लागतीन. मधला काढ."

"काढला."

"फुक."

"फुकला."

"हवा कुठून निघते?"

"खालून. जेवला का तू?"

"जेवलो. आता त्याच्या बाजूचा काढ. पोट्टा आजारी होता, काल ताप उतरला."

"काय देल्लं?"

असा तासभर. तिकडे त्यानं लग्न केलं होतं, मूल झालं होतं. सहा महिन्यांत येतो हे वाक्य दोघांनीही कधीच सोडून दिलं होतं. पण तो तिथं खुर्चीवर डोळे मिटून या गाडीच्या पोटात हात घालत असणार, हे माझ्यासारख्या परक्यालाही ऐकू यायचं. त्याच्या घरची, मनातली, नोकरीतली प्रत्येक गोष्ट दोन नळ्यांच्या मधल्या फटीतून इकडे यायची. शेवटी तो म्हणायचा, ऐकव जरा. बाई मला इशारा करत, मी इंजिन सुरू करायचो आणि त्या रिसीव्हर बॉनेटवर धरत. इंजिन गुरगुरायचं, भाऊ तिकडे ऐकायचा आणि बाई रिसीव्हरकडे बघत उभ्या राहायच्या.

एकदा बॅटरी गेली होती आणि नवी यायची होती. त्या रविवारी गाडीचं काढण्यासारखं काही नव्हतं. मी मिनिटं मोजली नाहीत, पण माझा अर्धा कप चहा व्हायच्या आत फोन संपला. बरं हाय का, हाय, पानी पडलं का, पडलं, ठेवू का, ठेव. बाई रिसीव्हर ठेवून तिथंच बसल्या. म्हणाल्या, "आमाले बोलताच येत नाही जी, मास्तर. बाबाबी असेच. मागावर बसले का बोलत, उठले का बंद." इतकं स्पष्ट त्यांनी मला सांगितलं होतं. मला ते ऐकू आलं, समजलं नाही. शिकवणाऱ्या माणसाचं हे असंच असतं. समोरच्याचं ऐकताना तो उत्तराची तयारी करत असतो.

मला दुसरा टर्बो आणायचाच होता. दोन वर्षं त्या गाडीनं माझ्या सर्टिफिकेटांची चेष्टा केली होती. बाईंना आनंद द्यायचा होता हेही खरं, पण पहिलं जास्त खरं. दिवाळीच्या आधी बाजाराच्या दिवशी बाई बाजाराला गेल्या होत्या. एक चिरलेली नळी बदलायची म्हणून मी तिची गाठ सोडली. धागा पिवळा होता. गाठ सुटली तर आतला, जिथं उष्णता आणि तेल पोचलं नव्हतं तिथला धागा हिरवागार. मी शेजारची पिवळी गाठ सोडली. ती आतून बाहेरून पिवळीच. म्हणजे इंजिनाच्या धगीनं हिरव्यातला निळा उडाला होता आणि दोन पिवळे झाले होते, आणि कधीतरी नळ्या काढून परत लावताना बाईंनी एकाची जागा दुसऱ्याला दिली होती. वडिलांचा रंग उतरणार नाही, या भरवशावर. मला एवढा आनंद झाला की मी एकटाच हसलो. दोन नळ्यांची अदलाबदल केली, पाच मिनिटांचं काम. बाईंना सांगताना वडिलांच्या रंगाचं नाव काढायचं नाही, एवढी माझी मोठी समजूतदारी.

संध्याकाळी म्हटलं, बाई, चला, हायवेला एक चक्कर मारू. वाकळेची चौघडी घालून त्या बसल्या. साकोलीच्या पुढं रस्ता सरळ आणि मोकळा होता, दोन्हीकडे धान निसवलं होतं. मी म्हटलं, दाबा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या पुढं गेला की ही गाडी दरवेळी दम सोडायची. या वेळी तिनं क्षणभर श्वास धरला, आणि मग कोणीतरी मागून दोन्ही हातांनी ढकललं. माझी मान सीटला आपटली. धान, झाडं, मैलाचा दगड सगळं एकमेकांत गेलं. बाईंनी पाय उचलला. गाडी हळूहळू कडेला घेतली, नेहमीसारखी चालू ठेवली आणि बसून राहिल्या. मी शाबासकीची वाट पाहत होतो.

"बरं केलं जी, मास्तर," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते आनंदाचं धरलं. मूर्ख माणसाला सगळं पाणी एकाच विहिरीचं वाटतं.

रविवारी फोन आला. बाई म्हणाल्या, "आला रे." पलीकडून तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की मला दारात ऐकू गेलं. कोणी केलं, कसं केलं, मास्तरांना माझा नमस्कार सांग. "चला, एक चिंता मिटली बाई." मग तो म्हणाला, ठेवू का. पुढच्या रविवारी फोन आला: गाडी बरी हाय? बरी हाय. त्यानंतर पंधरा दिवसांनी. मग महिन्यानं. होळीच्या आधी दोन महिने एकदाही नाही. रविवारी तीनला बाई मागघराच्या उंबऱ्यावर सुपात निरगुडीचा पाला निवडत बसायच्या. पाला निवडायचा नसतो, नुसता टाकायचा असतो. फोन बैठकीतच असायचा. वायर गुंडाळून ठेवली होती.

अशाच एका रविवारी मान वर न करता त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमाले बिघडवता येते का?"

मी म्हटलं, काय?

"दुरुस्त करता येते, ते पायलं. बिघडवता येते का?"

त्या क्षणी मला सगळं समजलं. तरी मास्तरकी सुटेना. मी म्हटलं, "बाई, ते दोन धागे पिवळे नव्हते. एक हिरवा..."

"हिरवाच होता. मीच रंगवला ना, बाबाच्या संग बसून. हिरव्यातला निळा पयले उडते, हे आमच्या घरच्या पोरीले पाळण्यात ठावं राहते."

"मंग तुमाले आधीच माहीत होतं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पयले चुकलं. मंग समजलं. मंग राहू देल्लं." सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तो एक घंटा बोलत होता जी."

"मले सांगतलं काहून नाही? त्याच दिवशी बदलून ठेवलं असतं."

"तुमी किती हौसेनं केलं होतं," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांचं म्हणणं असं की जे आपल्या हातून चुकलं ते राहू देणं वेगळं. चांगलं चाललेलं मोडायला त्यांचा हात चालत नाही. बाबांच्या जागेवर उभं राहून तर नाहीच. म्हणून माझा हात हवा होता. मी खड्ड्यात उतरलो नाही, वरूनच दोन नळ्या काढल्या आणि उलट लावल्या. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा मी जाणूनबुजून एखादं इंजिन बिघडवलं. मग बाईंनी, इतक्या वर्षांत प्रथमच, आपण होऊन फोन लावला. माझ्याकडून नंबर फिरवून घेतला.

"दुसरा बंद पडला रे," त्या म्हणाल्या. बोलताना त्या वायर बोटाला गुंडाळत होत्या. खोटं बोलायची सवय नव्हती. तसं ते खोटंही नव्हतं. पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे केला. "तुमाले मांगते."

भाऊ मला म्हणाला, "सर, मागं तुम्हीच केलं होतं ना? पुन्हा एकदा करून द्या ना. खरं सांगू का, मला आता त्यातलं काहीच आठवत नाही. कोणती नळी, काय. सात वर्षं झाली हो." बिचारा वाईट माणूस नव्हता. त्याच्या आवाजात ओशाळेपण होतं. मागून त्याची मुलं वेगळ्याच भाषेत भांडत होती.

बाई समोर उभ्या होत्या, हात पदराला पुसत. मी मोठ्यानं म्हणालो, "हो, हो. टाकीखालचा मधला. बरं, सांगतो त्यांना." तो म्हणाला, काय सर? मी फोन ठेवला.

"काय म्हने?"

"टाकीखालचा मधला पाइप काढून पाहा म्हने."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "हो," त्या म्हणाल्या. "असंच म्हनन तो." आणि आत जाऊन त्यांनी बॉनेट उघडलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझी परत भंडाऱ्याला बदली झाली. सामान ऑटोत टाकताना बाईंनी मला एक दहा नंबरचा पाना दिला आणि म्हणाल्या, याले ओळखून ठेवा. भंडाऱ्याला पहिला रविवार आला, तीन वाजले, आणि मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं, "बाई, दुसरा येते का?"

पलीकडे रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाला गेल्याचा आवाज आला. मग, "नाही जी, मास्तर."

मी म्हटलं, थांबा मग. मागच्या बाजूचा काढा.

असा मी सहा वर्षं दर रविवारी फोन केला. माझी मुलगी दहावीला पडली ते मी बाईंना एका झडपेच्या आधी सांगितलं. मला साखर निघाली ते दोन नळ्यांच्या मध्ये. घरी मी या गोष्टी कधी धड बोललो नाही. बाई ऐकून घेत, काय खायचं काय नाही ते सांगत आणि पुन्हा गाडीवर येत: मागचा काढून पायला, तिथी हवा धरते; खालचा फुकला, नाही. दुरुस्तीचं काम आम्ही फार सावकाश करत होतो. मला त्या रविवारांची इतकी सवय झाली की मधल्या दिवसांत मी काय काय सांगायचं ते साठवून ठेवायचो. भाऊ करत होता तेच मी करत होतो, आणि त्यानं ते का सोडलं असेल हे मला कळत नव्हतं.

दिवाळीनंतर सानगडीची मंडई, म्हणजे जत्रा, असते. एका वर्षी न कळवता गेलो. एसटीतून उतरलो तर बाईंच्या शेजारचे एक शेतकरी भेटले. मी सहज म्हटलं, बाईंची गाडी कशी आहे?

"गाडी? ते त नेली ना जी. दोन साल होऊन गेले. लहान्यानं तिकडूनच कोनाले तरी विकली. मोठा टरक आल्ता. बाईनं सोताच चालवून चढवली त्याच्यावर."

मी मंडईत पाऊण तास उगाच फिरलो. कुणाच्या तरी दुकानात बांगड्या बघितल्या. मग गेलो. बाई वाळल्या होत्या, पण मला पाहून लगबगीनं उठल्या, चहा ठेवला, चिवडा दिला. मुलीचं विचारलं, साखरेचं विचारलं. मागघराचं दार अर्धवट उघडं होतं. खड्ड्यावर फळ्या होत्या, फळ्यांवर धानाची पोती. मी तिकडे पाहिलं हे त्यांनी पाहिलं. त्या कपात साखर न घातल्याची खात्री करत बसल्या. आम्ही दोघांनीही गाडीचं नाव काढलं नाही. निघताना त्या कोपऱ्यापर्यंत आल्या आणि एसटी लागलेली दिसेपर्यंत उभ्या राहिल्या.

तो आठवडा मला जड गेला. दोन वर्षं त्या मला मागचा पाइप, खालचा पाइप सांगत होत्या. रिकाम्या खोलीत, फळ्यांवर उभ्या राहून. राग आला नाही. लाज वाटली, आणि त्याहून जास्त अशी भीती वाटली की आता हेही बंद पडणार.

रविवारी तीनला मी फोनजवळ बसलो. सव्वातीनला लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बरं हाय ना, बाई?"

"हाय."

मला पुढं बोलता येईना. पलीकडे बाईंचा श्वास ऐकू येत होता.

"इचारा ना जी, मास्तर," त्या म्हणाल्या.

मी विचारलं.